एका कॉटवर दोघी

फेब्रुवारी संपत आला की कसबा पेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानांना एक वास येतो. तापलेल्या कागदाचा आणि काळ्या पावडरीचा. बाहेर मुलींची रांग असते, प्रत्येकीच्या हातात दुसऱ्याच कुणाच्या तरी वहीची पानं, आणि काउंटरवरचा माणूस मान वर न करता विचारतो, "पाठपोट?" सकाळी अजून स्वेटर लागतो आणि दुपारी डोकं तापतं. रसवंतीचे घुंगरू वाजायला लागतात. तांबट आळीतले हातोडे वर्षभर चालतात, पण ऐकू येतात ते परीक्षेच्या दिवसांत, कारण तेव्हाच माणूस एका पानाकडे तासभर बघत बसलेला असतो.

मला हे दिवस सोसत नाहीत. तीन वर्षं झाली. दर वर्षी ठरवते की त्या गल्लीतून जायचं नाही, आणि दर वर्षी त्याच जिन्यापाशी येऊन उभी राहते. जिन्याच्या भिंतीवर आमच्या घरमालकीण काकूंची पाटी अजून आहे: "येथे मुलींसाठी कॉट मिळतील. खोली मिळणार नाही, विचारू नये."

पुण्यात शिकायला आलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. खोली नाही, खोलीतली एक लोखंडी कॉट भाड्याने मिळते. कॉटखालची जागा तुमची, उशाजवळची एक खुंटी तुमची. काकूंच्या खोलीत सहा कॉट होत्या. परीक्षेच्या सुमाराला गावोगावच्या मुली क्लाससाठी यायच्या, तेव्हा काकूंचा नियम होता. तो त्या जिन्यातच ऐकवायच्या. आधी प्रत्येक कॉटवर एकेक. सगळ्या भरल्या की मग जोडी. जोडीने झोपायचं तर एकीचं डोकं खिडकीकडे, दुसरीचं दाराकडे. आणि तिसरी कुठल्याही कॉटवर नाही, सख्खी बहीण असली तरी.

वर एक मजला होता. तिथे दोनच मुलींना एक खोली, आत न्हाणीघर, खिडकीला पडदे. तो मजला आम्ही फक्त जिन्यातून मान वर करून पाहिला.

माझी जोडी प्रांजलीशी लागली. ती यवतमाळकडची. आई अंगणवाडीत मदतनीस, दहावीपर्यंत सगळं मराठीतून, आणि अकरावीला पुण्याच्या कॉलेजात आल्यावर एकदम सगळं इंग्रजीतून. मी तिच्याच वर्गात. माझं घर वारज्याला, बसने अर्धा-पाऊण तास. मी कॉटवर यायचं काहीच कारण नव्हतं. घरी रोज बैठका असतात, अभ्यास होत नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. मला वाटायचं, ज्यांच्याबद्दल आपण लिहितो त्यांच्यात राहावं.

हो, मी लिहायची. बाबा कारखान्यात फिटर आणि संघटनेची पत्रकं तेच लिहीत. मी अक्षरं शिकले ती बिघडलेल्या पत्रकांच्या पाठीवर. आमच्या स्वयंपाकघराच्या फळ्यांवर पत्रकं अंथरलेली असत. डबा उचलला की खालून एखादी मागणी दिसायची. आमच्या घरात सगळे आखूड वाक्यांत बोलत, कारण पत्रकाला जागा कमी असते. आणि पत्रकावर लिहिणाऱ्याचं नाव नसतं. बाबा म्हणत, नाव घातलं की ते एकट्याचं मत होतं. मला हे फार थोर वाटायचं. बाराव्या वर्षी मी पहिलं पत्रक लिहिलं, शाळेतल्या पिण्याच्या पाण्याबद्दल. पाणी आलं. त्यानंतर माझी अशी खात्रीच झाली की वाक्य ठाम असलं की ते खरं असतं.

प्रांजलीची खात्री कशाचीच नसायची. ती प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायची. वर्गात सर 'ऑर्बिटल' म्हणाले की ती वहीत 'कक्षक' लिहायची, मग खोडून 'कक्षा', मग पुन्हा 'कक्षक'. एका दुपारी कॉटवर मांडी घालून तिने वहीत चौकोन काढले होते. अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या जागा पुस्तकात अशाच दाखवतात. एक चौकोन म्हणजे एक जागा, आत बाण म्हणजे इलेक्ट्रॉन. नायट्रोजनच्या शेवटच्या तीन चौकोनांत तीन बाण, प्रत्येकात एक. ऑक्सिजनला चौथा येतो आणि तो पहिल्याच चौकोनात शिरतो, पण डोकं खाली करून, म्हणजे उलट्या फिरकीने.

ती बराच वेळ त्या उलट्या बाणाकडे बघत होती. मग हसायला लागली.

"हे तर काकूचंच घर होय न वं," ती म्हणाली. "आधी एकेक. मग जोडी. एकीचं डोकं इकडं, एकीचं तिकडं. तिसरीले जागा नाही."

त्या दुपारी हातोडे चालू होते, खाली कुणीतरी हंडा ठोकत होतं आणि आम्ही दोघी पोट धरून हसत होतो. पलीकडच्या कॉटवरची मुलगी चिडून म्हणाली, "तुमचं युग्मन जरा हळू आवाजात करा." जोडी लागण्यासाठीचा पाठ्यपुस्तकातला तो शब्द नंतर आमचं नावच झाला. जिन्यात कुणी विचारायचं, युग्मन जेवलं का?

आज हे लिहिताना मला तो उलटा बाण दिसतो. कॉटवर माझं डोकं खिडकीकडे असायचं. तिचं दाराकडे. सकाळी जाग आली की आधी तिची पावलं दिसायची, टाचांना भेगा, एका पायात काळा दोरा. सहा महिने एका कॉटवर काढलेल्या माणसाचा चेहरा मला आठवावा लागतो, पण पावलं आठवावी लागत नाहीत.

शहरातल्या एका न्यासाचं मुलींचं वसतिगृह होतं. बारावीनंतर विज्ञानाला जाणाऱ्या मुलींना तिथे तीन वर्षं मोफत राहता येई. जागा थोड्या, अर्ज पुष्कळ. प्रांजलीसाठी सगळं त्याच्यावर होतं. तिथे नाव लागलं तर पुणं, नाही तर परत. तिसरा रस्ता नव्हता आणि ती ते रडून नाही, वेळापत्रक सांगावं तसं सांगायची. अर्जाबरोबर एक पान लिहून द्यायचं होतं: आपल्या आवडीच्या विषयातला एक प्रश्न सोप्या मराठीत, स्वतःच्या शब्दांत समजावून सांगा. मग मुलाखत.

तिने प्रश्न घेतला, इलेक्ट्रॉन जोडी का करतात. दोन दिवस लिहीत होती. मग पान माझ्याकडे दिलं, बघ म्हणाली. शेवटी तिने लिहिलं होतं:

"इलेक्ट्रॉनला जोडी आवडत नाही. दोघेही ऋण, एकमेकांना ढकलतात. पण वरचा मजला परवडत नाही, म्हणून ते एकाच कॉटवर झोपतात, एकाचे डोके इकडे, दुसऱ्याचे तिकडे."

माझ्या हातात लाल पेन होतं. हे वाक्य वाचून मला काय झालं ते मी तीन वर्षं शोधते आहे. आधी राग आला. 'परवडत नाही' हा शब्द मला लाचार वाटला. आपण न्यासासमोर जायचं आणि परवडत नाही म्हणायचं? मग दुसरं, जे मी तेव्हा कबूल केलं नसतं. मला वाटलं, ही आपल्या दोघींबद्दल बोलते आहे. जोडी आवडत नाही म्हणते. मी घर सोडून, बसचा पास असताना, हिच्या अर्ध्या कॉटवर आले, आणि हिला ती नुसती परवडण्याची गोष्ट वाटते.

मी ते वाक्य खोडलं. आडवी एक रेघ, वर दुसरी. शेजारी लिहिलं:

"इलेक्ट्रॉनसुद्धा एकटा राहत नाही. विरुद्ध फिरकीचे दोघे चुंबकासारखे एकमेकांना ओढून घेतात. अणूचा पायाच एकजूट आहे."

वाचायला किती छान. आखूड, ठाम, कुठल्याही भिंतीवर शोभेल असं. प्रांजली म्हणाली, "पण सर तर म्हणाले, ढकलतात म्हणून." मी म्हटलं, सर परीक्षेपुरतं सांगतात. फिरक्या उलट म्हणजे चुंबक उलट, उलटे चुंबक चिकटतात, यात न समजण्यासारखं काय आहे? तिने मान डोलावली. मी पुण्याची होते आणि माझ्या वाक्याला विरामचिन्हं होती. तिने सगळं पान सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून काढलं. खोडलेलं पान माझ्या पुस्तकात राहिलं.

मार्चच्या शेवटी, बोर्डाची परीक्षा संपल्यावर, मुलाखत झाली. मी सोबत गेले. खोलीबाहेर बाक होता, दार अर्धं उघडं होतं, पंख्याने सारखं हलायचं. मी बाकावर बसून सगळं ऐकलं.

आत तिघं होते. बोलत होत्या त्या एक निवृत्त मॅडम, रसायनशास्त्र शिकवलेल्या. आवाज मऊ. मला त्या वाईट होत्या असं लिहायला फार आवडलं असतं. त्यांनी पान वाचलं, अक्षर छान आहे म्हणाल्या, मग विचारलं की ऋण आणि ऋण एकमेकांना ओढतील कसे. प्रांजली चुंबकाचं बोलली. मॅडम म्हणाल्या, ती ओढ इतकी क्षीण असते की ढकलण्यापुढे तिचा हिशेबच धरत नाहीत. एका कक्षकात दोघे राहायचे तर फिरक्या उलट हव्यात, ही राहण्याची अट आहे. अट म्हणजे कारण नव्हे. मग जोडी का होते? ऑक्सिजनचा चौथा बाण वर का जात नाही?

त्यांनी तेवढंच विचारलं होतं. वर का जात नाही. उत्तर प्रांजलीने महिन्यापूर्वी लिहिलेलं होतं. ते तिच्या हाडात होतं, रोज जिन्यातून मान वर करून तिने ते पाहिलेलं होतं. पण मी त्यावर दोन रेघा मारल्या होत्या, आणि ज्यावर पुण्याच्या मुलीने रेघा मारल्या ते चारचौघांत बोलायचं नसतं, एवढं शहराने तिला शिकवलं होतं.

मग मॅडमनी विचारलं, "हे एकजुटीचं वाक्य तुला कुणी लिहून दिलं का?"

पंख्याने दार हललं. मला तिची पाठ दिसली, वेणी, इस्त्रीची घडी.

"नाही," ती म्हणाली. "माझंच आहे."

'माह्यंच' नाही, 'माझंच'. आठवडाभर आरशासमोर तिने या बोलीचा सराव केला होता.

मी बाकावर होते. सात पावलांवर दार होतं. मी कलेक्टर कचेरीसमोर घोषणा दिलेल्या आहेत. पोलिसाने हातातला गठ्ठा ओढला तेव्हा मी सोडला नव्हता. मला फक्त उठून आत जायचं होतं आणि म्हणायचं होतं की बाई, हे वाक्य माझं आहे, हिचं खरं वाक्य माझ्या पिशवीतल्या पुस्तकात आहे, हे बघा. मी उठले नाही. आधी वाटलं, मध्येच गेलं तर तिचंच नुकसान होईल. मग वाटलं, आता उशीर झाला. मग ती बाहेर आली.

रस्त्यात आम्ही रस प्यायलो. मी विचारलं, माझं नाव का नाही सांगितलंस. ती बर्फाचा तुकडा तोंडात घोळवत होती. "सांगून काय भेटलं असतं?" ती म्हणाली. "स्वतःच्या शब्दांत लिहा म्हणलं होतं न त्याहीनं."

म्हणजे तिने मला वाचवलं, की तिच्यापुढे दुसरी वाटच नव्हती? मी कितीदा हा प्रश्न उलटसुलट करून पाहिला. खरं बोलली असती तर दुसऱ्याकडून लिहून घेतलं म्हणून गेली असती, खोटं बोलली तर चुकीचं लिहिलं म्हणून गेली. तिने त्यातल्या त्यात कमी त्रासाचं घेतलं. इलेक्ट्रॉनही तेच करतो. त्याला शेजारी नको असतो. एकाच उंचीवर दुसरी मोकळी जागा असेल तर तो तिथे जातो, एकटा राहतो. सगळ्या जागांत एकेक झाला की मग दोनच पर्याय उरतात: शेजाऱ्याचं ढकलणं सोसायचं किंवा वरच्या पातळीला जायचं. वर जायला लागणारी ऊर्जा ढकलणं सोसण्याहून पुष्कळ जास्त. म्हणून जोडी. त्यात माया नाही, एकजूट नाही. हे सगळं नंतर मी पुस्तकात नीट वाचलं. दीड पान होतं. दीड पान मी आधी वाचलं नव्हतं.

आठवड्याने यादी लागली. तिचं नाव नव्हतं. त्याच संध्याकाळी तिने खुंटीवरची पिशवी काढली, गादी गुंडाळली. काकू दारात आल्या. त्यांना कधी मऊ बोलता आलं नाही. म्हणाल्या, "जूनपर्यंत कॉट अडवून ठेवते. नंतर नाही हं." आणि खरंच ठेवली. जूनपर्यंत तिच्या जागेवर त्यांनी कुणाला झोपवलं नाही. मी वारज्याला परत गेले. मला जायला घर होतं. हा फरक मला सहा महिने शेजारी झोपून दिसला नव्हता. माझ्यासाठी ती कॉट म्हणजे तत्त्व होतं. तिच्यासाठी ती शेवटची जागा होती.

निकाल लागला तेव्हा रसायनशास्त्रात तिला माझ्यापेक्षा जास्त गुण होते.

आमच्या वारज्याच्या खिडकीतून नव्या इमारती दिसतात. निम्म्या घरांत कुणी राहत नाही, खिडक्यांच्या काचांवरचा कागदही काढलेला नाही. खराडीकडे गेलं तर याहून उंच. आणि पेठेतल्या खोलीत सहा कॉटवर बारा मुली. अणूतही वरचे मजले रिकामेच असतात. पण अणूत तो निसर्गाचा नियम आहे, त्यावर कुणी चिडायचं नसतं. पुण्यात तो कुणीतरी केलेला आहे, आणि केलेला नियम मोडता येतो. मला त्या पानावर हे लिहिता आलं असतं. तिच्या वाक्यापुढे हे जोडलं असतं तर ते केवढं मोठं झालं असतं. तिने खरं लिहिलं होतं, मला त्यावर भांडायचं होतं. पण मी भांडायच्या आधी खरं खोडून टाकलं. ज्या दुखण्यावर ओरडायचं तेच मी पानावरून पुसलं आणि त्या जागी शोभेचं वाक्य लावलं.

या वर्षी त्या वसतिगृहाचे अर्ज पुन्हा निघाले आहेत. शिक्षणात तीन वर्षांपर्यंत खंड चालेल असं त्यात लिहिलं आहे. म्हणजे प्रांजलीला हे शेवटचं वर्ष. मुदत शनिवारपर्यंत. आज मंगळवार.

काल मी त्या कार्यालयात गेले. सोबत पत्र होतं, त्या वर्षीचं चुकीचं वाक्य माझं होतं म्हणून, आणि ते लाल रेघांचं पान. खिडकीतल्या गृहस्थांनी पत्र पूर्ण वाचलं. चष्मा काढला.

"तीन वर्षांनी आलात," ते म्हणाले. "लवकरच आलात म्हणायचं."

मी म्हटलं, तिच्या फाईलला लावा. ते म्हणाले, न घेतलेल्यांच्या फायली ठेवत नाहीत, रद्दीत जातात. मग पत्र परत माझ्याकडे सरकवत म्हणाले, "तिला अर्ज करायला सांगा. तुम्ही नका करू."

तिथूनच फोन लावला. चौथ्या वेळेला तिने उचलला. ती आता तालुक्याच्या गावी एका औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. मागून कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. मी भराभर सांगितलं, खंड, शनिवार, एक पान. ती ऐकत होती. मग म्हणाली, "काय लिहू? तुयं का माहं?"

मी म्हटलं, तुझं. ते जसं होतं तसं.

तिला ते आठवत नव्हतं. मी फुटपाथवर उभी राहून तिला ते वाचून दाखवलं. रेघांखालून वाचावं लागलं. 'परवडत' मधला 'र' लाल रेघेत पूर्ण गेला आहे, पण शब्द लागतो.

"हे मी लिवलं होतं?" ती म्हणाली.

मी हो म्हटलं. मग तिने विचारलं की तू अजून पत्रकं काढतेस का. मी सांगितलं, कॉटवरच्या मुलींसाठी एक काढते आहे, काकूंच्या जिन्यात लावायला, त्यात तुझं हे वाक्य घालणार आहे, तुझ्या नावाने. ती लगेच म्हणाली, नाव नको. "त्या यादीत नाही लागलं, आता जिन्यात काहून लावतं?" मग गिऱ्हाईक आलं. अर्जाचं मी पुन्हा विचारलं, तर म्हणाली, बघू.

पुण्यात 'बघू' म्हणजे नाही. यवतमाळकडे त्याचा काय अर्थ होतो, हे सहा महिने एका कॉटवर राहून मी कधी विचारलं नाही.

आज सकाळी पत्रक छापून झालं. बाबांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. त्यात चौकोन आहेत, बाण आहेत, चौथ्या बाणाचं खरं कारण आहे, वरच्या रिकाम्या मजल्यांबद्दल जे म्हणायचं ते आहे. तिचं वाक्य आहे, नावाशिवाय, तिने सांगितलं तसं. बाबा शेवटच्या ओळीवर थांबले. म्हणाले, "पत्रकावर नाव नसतं."

मी म्हटलं, या पत्रकावर आहे.

दुपारी जिन्यात काकूंच्या पाटीखाली चिकटवून आले. खळ ओली असल्यामुळे कागद फुगला आहे, पण वाचता येतं. शेवटची ओळ अशी आहे: "इलेक्ट्रॉन एकमेकांना ओढून घेतात, असे पूर्वी एका मुलीच्या अर्जात लिहिले गेले. ते चूक होते. ते वाक्य तिचे नव्हते, माझे होते." खाली माझं पूर्ण नाव.

दारापासून सात पावलांवर बसून जे म्हणायचं राहिलं, ते एवढंच होतं. शनिवारला चार दिवस आहेत. फोन मी उशाशी नाही, खिशात ठेवते आहे, आवाज पूर्ण मोठा करून.